बेलीची गाठ, भामिनीचा पदर

गोंदियाच्या गोरेलाल चौकाच्या आसपास, बाजाराच्या गर्दीत, चपला-बुटांच्या कोणत्याही दुकानात शिरा. जून महिना असला, शाळा उघडायच्या असल्या, की कुणीतरी आई मुलीला पुढे करून म्हणतेच, "बेली दाखवा." दुकानदार खोका उघडतो. आतून चपटा, बिनटाचेचा, पावलाचा वरचा भाग उघडा ठेवणारा, गोल तोंडाचा जोड निघतो. पुढच्या टोकाशी बहुधा इवलीशी फितीची गाठ असते. घासाघीस होते, जोड पिशवीत पडतो आणि संध्याकाळच्या बसने आमगावला, सालेकशाला, देवरीला रवाना होतो.

'बेली' हा 'बॅले'चा अपभ्रंश. पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्या बायकांच्या पायातला जोडा भातगिरण्यांच्या गावात पोचेपर्यंत नाव झिजले, आकार मात्र टिकला. आणि ती गाठ? नाचाच्या जोड्याला कडेने एक नाडी ओवलेली असते. पावलावर तो घट्ट बसावा म्हणून ती ओढायची आणि पुढे गाठ मारायची. दुकानातल्या बेलीत नाडी नसते, ओढायचे काही नसते. तरी गाठ असतेच. कामाची होती तेव्हा ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाही; काम संपले आणि ती शोभेची झाली.

रंगमंचावरचा पोशाख रस्त्यावर येतो तो बहुतेक असाच. तिथे कुणाच्या तरी अडचणीतून निघालेली युक्ती इथे नटण्याची रीत होऊन बसते. ही गोष्ट पॅरिसची आहे, तशी पुण्या-मुंबईची आहे आणि झाडीपट्टीचीही आहे.

आधी पॅरिस, थोडक्यात. बॅले हा मुळात राजदरबारचा खेळ. चौदावा लुई स्वतः नाचे. १६५३ मध्ये सूर्याच्या भूमिकेत उतरला तो जन्मभर 'सूर्यराजा' म्हणून ओळखला गेला. पण पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर नाचायला बाई नव्हती. स्त्रीभूमिका पुरुषच मुखवटे घालून करत. १६८१ मध्ये पहिल्यांदा तिथे व्यावसायिक नर्तकी उतरल्या. उतरल्या त्या दरबारी पोशाखात : जमिनीपर्यंत झगा, पायात टाचांचे बूट. अशा अवजड सरंजामात पाय काय करतात हे प्रेक्षकाला दिसणार कसे? अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मारी कामार्गो या नर्तकीने झगा घोट्याच्या वर घेतला. तिला पुरुषांच्या तोडीच्या उड्या मारायच्या होत्या आणि त्या लोकांना दिसायला हव्या होत्या. गहजब झाला, पण कापड एकदा वर गेले ते पुन्हा खाली आले नाही.

मग १२ मार्च १८३२. पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फिद'चा पहिला प्रयोग. मारी टॅग्लिओनी वनपरी झाली होती : अंगावर पांढऱ्या तलम कापडाचा घोळदार झगा, पाठीला इवले पंख, पाय चवड्यांच्या टोकावर. मंचावरच्या गॅसच्या दिव्यांत ते पांढरे कापड धुक्यासारखे दिसले. पॅरिस वेडे झाले. सिल्फिदच्या नावाने बायकांचे पोशाख आणि शिरोभूषणे निघाली, त्याच नावाचे फॅशनचे नियतकालिकही निघाले. या धुक्याची किंमतही चुकवावी लागली. १८६२ मध्ये एम्मा लिव्री या तरुण नर्तकीचा झगा तालमीत दिव्याच्या ज्योतीवर पेटला आणि काही महिन्यांनी ती गेली. आग न लागणारे कापड तेव्हा मिळत होते. ते मळकट दिसते, ताठ पडते, म्हणून तिने नाकारले होते.

विसाव्या शतकात हा प्रवास वेगाने झाला. १९१० मध्ये रशियन बॅलेने पॅरिसला 'शेहेराजाद' दाखवला. लिऑन बाक्स्टने आखलेले भडक रंग आणि पौर्वात्य थाटाचे ढगळ पायजमे पाहून श्रीमंत बायकांनी कपाटे रिकामी केली. पॉल प्वारे हा शिंपी तसल्याच पायजम्यांनी गाजत होता. बाक्स्टचे ऋण मात्र त्याने कधी मान्य केले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशनिंग आले. नाचाच्या जोड्यांना त्यातून सूट होती. पोशाख आखणाऱ्या क्लेअर मॅकार्डेलने नेमके तेच जोडे उचलले, कापेझिओ या कंपनीकडून त्यांना टणक तळ लावून घेतला आणि रस्त्यावर आणले. १९५६ मध्ये ब्रिजित बार्दो या नटीने नाचाचे जोडे करणाऱ्या रोझ रेपेटोकडून तसाच मऊ जोड शिवून घेतला. ती स्वतः बॅले शिकलेली. नाचताना पायांना जे सुख मिळते ते चालतानाही हवे, एवढीच तिची मागणी. गोरेलाल चौकातली बेली या वंशातली. शेजारच्या दुकानात टांगलेल्या लेगिंगचे गोत्रही नाचाच्या तालमीच्या कपड्यांशी जुळते.

आता आपल्याकडे. टॅग्लिओनीच्या रात्रीनंतर बरोबर एकोणऐंशी वर्षांनी, १२ मार्च १९११ या दिवशी, मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' रंगमंचावर आणले. भामिनीच्या भूमिकेत होते नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व; वय तेवीसही पुरे नव्हते. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली होती. प्रयोग मात्र थांबला नाही. मराठी स्त्रीच्या नटण्यावर पुढची वीस वर्षे ज्याची छाप राहिली, तो स्त्रीवेष त्या रात्री भरात आला.

त्यामागचा रस्ता लांब होता. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून स्त्रीपात्र पुरुषानेच रंगवायचे, हा शिरस्ता. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने लोक वेडे झाले. पण लोक जात ते भाऊरावांचे गाणे ऐकायला. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये मिरजेला शकुंतला केली तेव्हापासून लोक पाहायलाही जाऊ लागले. गळा होताच. त्याच्या जोडीला चालणे आले, वळणे आले, लाजणे आले, आणि या सगळ्यांना सामावणारे लुगडे आले.

'मानापमान'चे कथानकच मुळी वेशावर उभे आहे. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, मग दागिने उतरवून, गरीब मुलीच्या वेशात, वनमाला होऊन त्याच्यासमोर जाते. एकाच रात्री एकाच नटाच्या अंगावर श्रीमंतीचे लुगडेही दिसे आणि साधेही. कपड्याने माणूस कसा बदलतो, कपडा उतरवला की माणसाला काय कळते, हे नाटकाच्या पोटातच होते. प्रेक्षागृहातल्या बायकांना त्यातले काय उचलायचे ते आपोआप कळले असणार.

बालगंधर्वांची छायाचित्रे पुष्कळ उपलब्ध आहेत. ती जरा शिंप्याच्या नजरेने पाहावीत. नऊवारीचा घोळ पावलांपर्यंत सोडलेला. पदर बऱ्याच चित्रांत दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. चोळीची बाही लांब. केसांत फुले, नाकात नथ, हातात कधी रुमाल. घरंदाजपणाची ही सारी लक्षणे, हे खरेच. पण त्या लुगड्याच्या आत पुरुषाचे शरीर आहे हे क्षणभर ध्यानात घेतले की दुसरेही काही दिसते. दोन्ही खांद्यांवरचा पदर पुरुषी खांद्याची रुंदी झाकतो. लांब बाही दंड झाकते. घोळ पावलांची मापे झाकतो. रुमाल हातांना काम देतो. माझ्या वाचनात या रचनेचे हे कारण कुणी नोंदवलेले नाही, पण चित्रे बोलतात ते हेच. कामार्गोने पाय दिसावेत म्हणून कापड उचलले. बालगंधर्वांनी अंग दिसू नये म्हणून पसरले. दोन्हीकडे गरज नटाची आणि अनुकरण प्रेक्षकांचे.

हे अनुकरण खरोखर झाले. गंधर्वांसारखी साडी नेसणे, गंधर्वांसारखी केसांत फुले माळणे, तशी नथ, तसा हातात रुमाल, याची त्या काळच्या शहरी मध्यमवर्गातली चाल नाट्येतिहासात नोंदलेली आहे. त्यांच्या नावाची टोपी निघाली. साबण आणि टॉनिकांच्या जाहिरातींत त्यांची छबी झळकली. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक हे 'सौभाग्य सुंदरी'तल्या भूमिकेमुळे 'सुंदरी' या नावानेच ओळखले जाऊ लागले, आणि तिथल्या बायकाही त्यांच्या पेहरावाकडे डोळे लावून असत.

इथे एक प्रश्न उभा राहतोच. नटण्याचा कित्ता गिरवायला बायकांना पुरुष का लागावा? रंगमंचावर, बैठकीत, फडावर नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका तेव्हा होत्याच, आणि त्या नटतही सुंदर. पण कलावंतिणीसारखे किंवा फडावरच्या बाईसारखे नेसणे घरंदाज बाईला मोकळे नव्हते. तिने तसा पदर घेतला असता तर सासूने त्याच पावली आत पाठवले असते. बालगंधर्व मात्र चांगल्या घरातले पुरुष. लोकमान्यांनी दिलेली उपाधी मिरवणारे, राजेरजवाड्यांकडून मान मिळवणारे. त्यांच्यासारखे नेसण्यात बट्टा नव्हता. चारचौघांत मिरवणाऱ्या बाईचा जो दोष मानला जाई, तो त्यांना चिकटत नव्हता, कारण ते बाई नव्हते. पॅरिसच्या नर्तकींनाही तिथला समाज घरंदाज मानत नसे, तरी त्यांच्या पोशाखाची नक्कल होई. आपल्याकडे ती वाट बंद होती. ती पुरुषाच्या अंगावरून वळसा घालून आली.

पण त्या पुरुषाने ते लुगडे आणले कुठून? घरांतूनच. घरंदाज बायकांचे बसणे, उठणे, पदर सावरणे, निऱ्या हाताने उचलून पायरी उतरणे, हे त्यांनी बायकांतूनच टिपले. म्हणजे नेसण्याची रीत आधी माजघरातून रंगमंचावर गेली, तिथे दिव्याखाली घासूनपुसून लखलखली आणि 'गंधर्व पद्धत' असे नाव घेऊन माजघरात परतली. ज्यांच्याकडून ती गेली त्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. जाहिरातीत नाव आले ते एकाचे.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले आणि त्यांची रुक्मिणी लोकांनी डोक्यावर घेतली. अस्सल जरीचे शालू, पैठण्या, गालिचे, अत्तराचा शिडकावा, हा सगळा थाट मंडळीच्या नावाशी कायमचा जोडला गेला. खोटी जर दिव्याखाली चालून जाते, हे कुणी त्यांना सांगितले नसेल असे नाही. त्यांना ती चालत नव्हती. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. त्याच सुमारास मंडळी कर्जात खोल रुतलेली होती आणि पुढची कित्येक वर्षे खेळ करकरून ते फेडावे लागले. लोकांना जो शालू दिसे त्याच्या मागे सावकाराचा कागद होता.

या शालूच्या जोडीला एक फाटके लुगडेही ठेवले पाहिजे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व मंडळीने पहिल्यांदा केले. ते पाहायला गडकरी नव्हते. महिन्याभरापूर्वीच, २३ जानेवारीला, नागपूरजवळ सावनेरला त्यांचा मृत्यू झाला होता. नाटकातली सिंधू दारुड्या नवऱ्यापायी दळण दळून पोट भरते. भामिनी-रुक्मिणीचे शालू नेसणारे बालगंधर्व या भूमिकेत ठिगळे लावलेल्या लुगड्यात जात्याशी बसले. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत. या ठिगळाची फॅशन कधी झाली नाही. ठिगळ घालायला कुणाला शिकवावे लागत नव्हते. ते घरोघर होतेच. पण आपल्या घरातले जुनेर दिव्याखाली आले, त्याच्यासाठी लोक रडले, हा अनुभव शालूच्या अनुकरणाहून खोल गेला असावा. कारण हीच सिंधू पुढे जंगलाच्या पट्ट्यात, धानाच्या बांध्यांत उभारलेल्या मांडवापर्यंत पोचली.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांचा झाडांनी आणि तलावांनी भरलेला मुलूख म्हणजे झाडीपट्टी. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, पण माणसांच्या लेखी झाडी एकच. पुण्या-मुंबईच्या मंडळ्या वऱ्हाड-नागपूरपर्यंत येत. त्यापुढे जाई ती नाटकाची छापील प्रत, पदांच्या चाली आणि पाहून आलेल्या माणसाची आठवण. रेल्वेने या मुलखाला हात दिला. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया जंक्शन झाले. तिथून दक्षिणेला अर्जुनी-मोरगाव, वडसा, नागभीडकडे लोहमार्ग गेला. हेच वडसा आज झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे आहे.

दिवाळीत धान कापणीला येते आणि गावोगाव मंडई भरते. गोवारी बांधवांची ढाल निघते, दुकाने मांडली जातात, लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात. हिवाळ्यात पुढे शंकरपट : दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक. दंडार, खडी गंमत आणि नाटक ही या मुलखाची रात्रीची जागरणे. दंडारीत आणि खडी गमतीत बाई नव्हती. लुगडे नेसून, घुंगरू बांधून पुरुषच नाचत. दंडारीचा अभ्यास केलेल्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांमुळे झाडीबोलीला आणि या कलांना पुस्तकात जागा मिळाली. झाडीपट्टीचे नट, गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गाजलेल्या नाटकांत 'एकच प्याला' आहे, 'लग्नाची बेडी' आहे. बडोद्याला उघडलेला पडदा इथेही उघडला तो असा.

इथे कपड्यांची गोष्ट पुण्याहून निराळी होते. गंधर्व मंडळीत शालू विकत येई. गावातल्या हौशी नाटकात साड्या-दागिने घरोघरून मागून आणायचे, ही रीत महाराष्ट्रभर होती. झाडीतल्या हौशी खेळाचीही तीच तऱ्हा. असा खेळ डोळ्यांपुढे आणून पाहा. नायिका म्हणून उभा राहिलेला गडी कुणाचा तरी भाचा, त्याच्या अंगावरचे लुगडे कुणाच्या तरी वहिनीचे, गळ्यातले डोरले तिसऱ्याच घरचे. मांडवात बसलेल्या निम्म्या बायकांना हे ठाऊक. त्यांनी या नायिकेची नक्कल काय करायची? ती त्यांच्याच कपाटातून आलेली. पुण्यात कपडा घरातून रंगमंचावर आणि रंगमंचावरून घरात जायला वीस वर्षे आणि एक गंधर्व लागला; इथे तेवढ्याला एक रात्र पुरे. सकाळी लुगडे घडी होऊन ज्याच्या त्याच्या घरी.

नऊवारीच्याही दोन तऱ्हा इथे समोरासमोर येतात. भामिनीचे लुगडे पावलांवर लोळते. झाडीतली बाई आषाढ-श्रावणात रोवणीला बांधीत उतरते तेव्हा तेच नऊ वार गुडघ्यापर्यंत आवळलेले असते, कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून रोप लावायचे तर घोळ परवडत नाही. कामार्गोला उड्यांसाठी जे पॅरिसमध्ये करावे लागले आणि ज्यावर गहजब झाला, ते रोवणीच्या बायका पिढ्यान् पिढ्या करत होत्या. त्यांना मात्र कुणी पाहायला आले नाही, म्हणून त्याची फॅशन झाली नाही. दाखवण्याची गरज, झाकण्याची गरज आणि राबण्याची गरज, या तिन्हींपैकी पहिल्या दोघींना दिवे मिळाले.

कोसा रेशमाचेही थोडेफार तसेच. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसे कोसा पिकवत आली. भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावचे विणकर त्याच धाग्याची करवतकाठी साडी विणतात. काठाला करवतीचे दाते, दोन्हीकडचे काठ आणि मधले अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवलेले. या कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण भामिनीच्या अंगावर लोकांना आठवतो तो बनारसचा शालू आणि पैठणी. दिव्याखाली जे आले त्याचे भाग्य उजळले. जे घरच्या पूजेत आणि लग्नकार्यात राहिले ते आपल्या मुलखापुरते राहिले.

मग बाई स्वतःच रंगमंचावर आली. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपली मंडळी उभी केली आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी कराव्यात हे प्रत्यक्ष करून दाखवले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आले. त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या. घरातल्यासारखी खोली, घरातल्यासारखे बोलणे, आणि बाईच्या भूमिकेत बाई. पॅरिसला जे १६८१ मध्ये झाले ते आपल्याकडे अडीचशे वर्षांनी झाले, पण झाले. त्याच सुमारास शहरांत नऊवारीची जागा गोल पाचवारी घेऊ लागली. बोलपट आला, दुर्गा खोटे, शांता आपटे पडद्यावर दिसू लागल्या, आणि कसे नेसावे हे नाटकाऐवजी सिनेमा सांगू लागला. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले ते एकनाथ होऊन, पुरुषवेषात. रंगमंचावरचे स्त्रीरूप कॅमेऱ्याला तितके मानवले नाही. १९६७ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तिथे गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रे आहेत : एक पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले. दोहोंपैकी कोणत्या चित्रासमोर बाया जास्त वेळ थांबत असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

झाडीतही आता नायिकेच्या भूमिकेत बाईच असते. नागपूरहून अभिनेत्री येतात, दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवे गाव, रोज रात्रभर खेळ. मध्ये एखादे नृत्य हवेच. दोन प्रवेशांच्या मधल्या पाच मिनिटांत नऊ वार नेसून, नाचताना ते सुटणार नाही अशी खात्री बाळगणे अवघड. म्हणून रंगमंचावर शिवलेली नऊवारी आली : निऱ्या टाचलेल्या, कासोटा जागच्या जागी, पाय घातले, नाडी ओढली की झाले. आता गोंदियाच्या लग्नांतही नवरी तीच घालते. तिला नाचायचे नसते, पोशाख बदलायची घाई नसते. पण आजीला येते तसे नेसवायला आईला येत नाही आणि शिवलेली तयार मिळते. बेलीच्या गाठीसारखीच हीही : तिकडची सोय, इकडची शोभा.

मंडईच्या रात्रीचे चित्र मात्र एका बाबतीत जुनेच आहे. कार्तिकातली थंडी, धान निघालेल्या बांध्या, त्यात उभा मांडव. दिव्यांच्या झोतात जरीचा पदर झळकतो; खाली म्हाताऱ्या, लेकरे, माहेरवाशिणी पाय दुमडून बसलेल्या. थंडीला म्हणून सगळ्यांच्या अंगाखाली आणि अंगावर घरून आणलेल्या गोधड्या. गोधडी उलटून पाहिली तर टाक्यांच्या आत जुनी लुगडी सापडतात. कुणाचे रोवणीत विटलेले, कुणाचे लग्नातले, आणि एखादे कदाचित कधीकाळी मागून नेलेले, एका रात्रीपुरते सिंधूच्या अंगावर चढलेले. पहाटे नाटक संपते. पेंगुळलेले लेकरू आई त्याच गोधडीत गुंडाळते आणि घराकडे चालू लागते.